दारू सोडायच्या गोळ्या वरणात मिसळून द्यायच्या नसतात

प्रश्न एका ताईंचा आहे, थोडक्यात सांगते. मिस्टर 44 वर्षांचे, घर भांडुपला, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी. 12-13 वर्षं पितात, आधी फक्त शनिवारी मित्रांबरोबर बसायचे, आता रोज रात्री क्वार्टर आणि रविवारी सकाळपासूनच सुरू. 2 वर्षांपूर्वी लिव्हरचा रिपोर्ट "थोडा वाढलेला" आला होता, पुढे काही केलं नाही. आता नणंदेने ओळखीतून गोळ्या आणून दिल्यात, कुटून वरणात घाल, चव लागत नाही, आठवड्यात दारूची किळस येईल असं सांगितलंय. ताई विचारतात, देऊ का? आणि दारूवर खरंच औषध असतं का, की सगळं मनाच्या निश्चयावरच आहे?

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. देऊ नका. आज रात्रीच्या जेवणात तर अजिबात नको. दुसऱ्याचं उत्तर हो, औषधं आहेत, चांगली आहेत, आणि आपल्याकडे ज्यांना गरज आहे त्यातल्या फार थोड्यांपर्यंत ती पोचतात. मी मुंबईतच सायकियाट्रिस्ट आहे, व्यसनाची ओपीडी करून 22 वर्षं झाली, आणि हा वरणातल्या गोळीचा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की एकदा नीट लिहूनच टाकते.

ती गोळी बहुतेक डायसल्फिराम असणार. लोकलच्या डब्यात चिकटवलेली "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा"वाली जाहिरात असते ना, त्या पुडीत काय असतं ते देवालाच माहीत, पण मेडिकलमधून ओळखीने आणलेली असेल तर हीच, एस्पेरल नावाने बरेच जण ओळखतात. हिचं काम कसं चालतं बघा. दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, हे विषारी असतं, आणि मग दुसरं एक एन्झाइम लगेच त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करून टाकतं. डायसल्फिराम हे दुसरं एन्झाइम बंद पाडतं. मग माणूस प्यायला की ते विष अंगात साचतं, 10 ते 30 मिनिटांत तोंड लालबुंद, छाती धडधड, डोकं ठणकतं, उलट्या, दम लागतो, बीपी खाली येतं. गोष्ट सापडली तीही गमतीशीर आहे, रबराच्या कारखान्यांत हे रसायन वापरायचे आणि 1937 साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरने नोंदवलं की इथल्या कामगारांना दारू सोसतच नाही, पुढे कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे जंतांवरचं औषध म्हणून त्याच गोळ्या स्वतःवर करून बघत होते, आणि पार्टीत थोडी घेतल्यावर दोघांची हालत खराब झाली. 1948 साली त्यांनी ते छापलं.

आता मुद्दा असा आहे की ही गोळी दारूची किळस वगैरे काही आणत नाही. ओढ तशीच राहते. ती काम करते फक्त एका गोष्टीमुळे, माणसाला माहीत असतं की मी सकाळी गोळी घेतलीय, आज प्यालो तर मरणयातना होतील, म्हणून संध्याकाळी बारपाशी पाय थबकतो. संशोधनातही हेच दिसलंय. ज्या अभ्यासांत पेशंटला माहीत होतं की आपल्याला डायसल्फिराम चालू आहे तिथे फायदा दिसला, आणि जिथे खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला हे झाकून ठेवलं तिथे फायदा जवळपास गायब. म्हणजे गोळीचा सगळा जीव त्या माहीत असण्यात आहे. वरणात मिसळून तुम्ही नेमका तोच भाग काढून टाकता आणि उरतं फक्त विष, तेही अशा माणसाच्या अंगात जो आज रात्री पिणारच आहे कारण त्याला काही कल्पनाच नाही.

एक केस सांगते, ओळख पटेल असं काही सांगत नाही. लग्नाच्या हळदीला माणूस 2 पेग प्यायला आणि कोसळला. घाम, छातीत दुखतंय, बीपी लागेना. जवळच्या हॉस्पिटलात नेलं, त्यांनी हार्ट अटॅक समजून धावपळ केली, आणि बायको बाजूला उभी, तिला माहीत होतं आपण 4 दिवस भाजीत गोळी घालतोय पण सगळी सासरची माणसं समोर, तोंडातून शब्द फुटेना. पहाटे 3 वाजता तिने एका नर्सला बाजूला घेऊन सांगितलं. माणूस वाचला. पण त्यानंतर कितीतरी महिने तो तिच्या हातचं जेवला नाही, रोज खाली जाऊन पाव-ऑम्लेट खाऊन यायचा. माझ्याकडे आले तेव्हा दारूपेक्षा जास्त वेळ मला त्या जेवणावर घालवावा लागला.

हृदयाचा त्रास असलेला, लिव्हर आधीच बिघडलेलं, डोक्यात संशय-भास येणारा आजार, फिट्स, यातलं काही असेल तर ही गोळी मुळातच धोक्याची, आणि ती स्वतःही क्वचित लिव्हरला जबर सूज आणू शकते. तुम्हीच लिहिलंय की रिपोर्ट वाढलेला होता. त्यात कायद्याचीही बाजू आहे, 2017च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टप्रमाणे समज शाबूत असलेल्या सज्ञान माणसाला त्याच्या संमतीशिवाय उपचार देता येत नाहीत, आम्हा डॉक्टरांनासुद्धा. नणंदेचा हेतू वाईट नाहीये हं, मला माहितीये, भावासाठीच धडपडतेय बिचारी. पण नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं जे कोणी विचारतच नाही. कुठली गोळी हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, अचानक बंद केली तर शरीर ते सोसेल का?

रोज क्वार्टर म्हणजे 180 मिली, साधारण 42.8 टक्के, म्हणजे शुद्ध अल्कोहोल 60 ग्रॅमच्या आसपास, 10 ग्रॅमचा एक पेग धरला तर रोजचे 6. आणि घरच्यांना जे "क्वार्टर" माहीत असतं ते बहुतेक वेळा दीड-दोन क्वार्टर असतं, ऑफिसमधून निघाल्यावर स्टेशनजवळ उभ्या उभ्या मारलेली नाईन्टी कोणी मोजत नाही. वर रविवारी सकाळी सुरू. मला ताईंच्या सगळ्या पत्रात ही एक ओळ खटकली. विचारा त्यांना, इतर दिवशी सकाळी हात थरथरतात का, चहाचा कप धरताना, दाढी करताना? मळमळ, घाम, आणि मग थोडी घेतली की बरं वाटतं? उतारा घेणं ज्याला म्हणतात ते. उतारा लागत असेल तर मेंदू दारूला सरावलाय आणि ती एकदम काढून घेतली तर तो उसळतो. शेवटच्या पेगनंतर 6 तासांपासून थरथर, घाम, झोप नाही. फिट आली तर बहुतेक पहिल्या 2 दिवसांत येते. आणि काही जणांना 2 ते 4 दिवसांच्या दरम्यान डिलिरियम होतो, म्हणजे कुठे आहोत कळत नाही, भिंतीवर मुंग्या चालतात, अंगावर साप दिसतात, ताप, बीपी-नाडी वर. यात माणसं दगावतात. घरचे बाहेरची बाधा समजून कोणातरी भगताकडे नेतात आणि त्यात अख्खा दिवस जातो.

दरवर्षी श्रावण लागला की आमच्या ओपीडीत ह्या केसेस दिसतातच. गटारीला भरपूर झालेली असते आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा म्हणून कडकडीत बंद, 2 दिवसांनी फिट. कोणी माळ घालतो, कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. निश्चय खरा असतो हो, शंभर टक्के खरा असतो, शरीरालाच तो कळवलेला नसतो. माळ घालून वर्षानुवर्षं दारूला शिवलेले नाहीत असे लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण माळ घालायच्या आधी एकदा दाखवून जा एवढंच म्हणणं.

या पहिल्या 5-7 दिवसांसाठी वेगळी औषधं असतात. क्लोरडायाझेपॉक्साइड, म्हणजे लिब्रियम, किंवा लिव्हर खराब असेल, वय जास्त असेल तर लोराझेपाम. ह्या गोळ्या दारूची जागा तात्पुरती भरून काढतात आणि मग रोज थोड्या थोड्या कमी करत बंद करायच्या. सोबत थायमिन, म्हणजे बी-1 व्हिटॅमिन, जमलं तर इंजेक्शनातून. पिणाऱ्या माणसात ते खूप कमी झालेलं असतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, स्मरणशक्तीच जाते. "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" असं नाक्यावरच्या दवाखान्यात जाऊन सांगायची आपल्याकडे पद्धत आहे, तिथे आधी पितो हे सांगा आणि थायमिन आधी द्या म्हणून सांगा, लाजू नका. आणि लिब्रियम, अल्प्राझोलाम ह्या गोळ्या शेजाऱ्याने दिल्या म्हणून घरी सुरू करायच्या नाहीत, दारूच्या वर घेतल्या तर श्वास मंदावतो, आणि महिनोन् महिने घेतल्या तर एक व्यसन सुटलं दुसरं लागलं. ज्याला आधी कधी फिट आलीय, डिलिरियम झालाय किंवा घरी बघायला कोणी नाहीये त्याने ॲडमिटच व्हावं. बाकीच्यांचं बरंचसं ओपीडीत होतं, रोज किंवा एक दिवसाआड येऊन.

हे झालं की माणूस एकदम फ्रेश दिसतो, भूक लागते, झोप येते, आणि नेमकं इथेच बहुतेक घरांत उपचार संपतो. "डॉक्टर, आता बरे झाले ते." मला यावर चिडायला होतं, खरं सांगते. विष बाहेर काढणं म्हणजे दारू सुटणं नव्हे, खरी औषधं तर इथून सुरू होतात.

नाल्ट्रेक्सोनपासून सुरू करते कारण आज एखादा पेशंट नव्याने आला तर माझा पहिला विचार बहुधा याचाच असतो. अमेरिकेत 1994 साली दारूसाठी मंजूर झालं, म्हणजे नवीन अजिबात नाही. दारू प्यायल्यावर मेंदूत एंडॉर्फिन सुटतात, आपलं शरीर स्वतःच बनवतं ती अफूसारखी द्रव्यं, त्यातून ती पहिल्या-दुसऱ्या पेगची मजा येते आणि अजून एक घ्यावासा वाटतो. नाल्ट्रेक्सोन त्या जागाच अडवून ठेवतं. त्यामुळे प्यायला तरी किक तशी लागत नाही. माझा एक पेशंट, टॅक्सी चालवायचा, म्हणाला "मॅडम, घेतली, पण सपक लागली, अर्धी ठेवून आलो", मी इतक्या वर्षांत ऐकलेलं हे या औषधाचं सगळ्यात नेमकं वर्णन. 50 मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून एकदा, जेवणानंतर, पहिल्या आठवड्यात मळमळ होते म्हणून मी अर्धीने सुरू करते. वर दारू घेतली तर डायसल्फिरामसारखं काही होत नाही, म्हणून थोडं पिणं चालू असतानाही सुरू करता येतं, पूर्ण सोडायची तयारी नसलेल्या माणसालाही देता येतं, आणि हे फार मोठं आहे कारण दारात आलेले निम्मे लोक "कमी करायचीय" म्हणूनच आलेले असतात. पण नशा चढते ती चढतेच हं, किक लागत नाही म्हणजे गाडी चालवायला मोकळे असं नाही.

याचं एक पथ्य मात्र पक्कं. अफूच्या जातीचं काहीही चालू असेल तर नाही म्हणजे नाही. गर्द तर सोडाच, ट्रॅमाडॉलच्या पेनकिलर, कोडीनचं खोकल्याचं सिरप, हेसुद्धा त्यातच आलं. पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल रोज खाणारे भरपूर आहेत आणि त्यांना ते "साधी पेनकिलर" वाटतं म्हणून ते सांगत नाहीत. त्यावर नाल्ट्रेक्सोन दिलं तर अर्ध्या तासात अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब, भयंकर तडफड. 7 ते 10 दिवस ते सगळं पूर्ण बंद असलं पाहिजे. उलट बाजूने, गोळी चालू असताना ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरला माहीत हवं कारण मॉर्फिनसारखी औषधं लागू पडत नाहीत, ठरलेलं ऑपरेशन असेल तर 3 दिवस आधी बंद करतात. मी पेशंटला एक चिठ्ठी लिहून देते, पाकिटात रेल्वेच्या पासमागे ठेवायची. लिव्हर थोडं वाढलेलं असेल तर चालतं, लक्ष ठेवून देतो, पण कावीळ असेल, पोटात पाणी झालं असेल तर नाही. परदेशात याचं महिन्यातून एकदा घ्यायचं 380 मिलिग्रॅमचं इंजेक्शनही आहे, 2006 पासून दारूसाठी वापरतात, रोज आठवण ठेवायची कटकट नाही.

ॲकॅम्प्रोसेट वेगळ्या स्वभावाचं. ज्याने दारू थांबवलीय, 4-5 दिवस कोरडे गेलेत, आणि आता कोरडं राहायचंय, त्याच्यासाठी हे. वर्षानुवर्षं पिऊन मेंदूतला शांत करणारा आणि उत्तेजित करणारा रसायनांचा तोल बिघडलेला असतो, म्हणून दारू सोडल्यावर महिने उलटले तरी उगाच बेचैनी, चिडचिड, रात्री 2 वाजता टक्क जागं. तो तोल हे सावरायला मदत करतं. लिव्हरवर भार नाही कारण ते लिव्हरमध्ये मोडतच नाही, जसंच्या तसं किडनीतून बाहेर पडतं, आणि म्हणूनच किडनी खराब असेल तर डोस कमी किंवा बंद, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितल्याशिवाय सुरू करत नाही. त्रास काय तर जुलाब, बहुतेकांचे थांबतात. खरी अडचण गोळ्यांची संख्या, 333 मिलिग्रॅमच्या 2-2 तीन वेळा, म्हणजे दिवसाला 6. ऑफिसात दुपारची गोळी कशाची असं कोणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून दुपारची सोडून देतात लोक. मी म्हणते ॲसिडिटीची सांगा.

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या 2018च्या गाइडलाइनमध्ये मध्यम ते तीव्र व्यसनाला नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही दोन आधी, डायसल्फिराम त्यानंतर. पण इथे मला थोडं मुंबईच्या बाजूने बोलायचंय. आपल्याच मुंबईत डॉ. ॲलन डिसूझा आणि डॉ. अविनाश डिसूझा यांनी 100 पुरुषांवर वर्षभर नाल्ट्रेक्सोन आणि डायसल्फिरामची तुलना केली, 2004 साली छापली. वर्षाअखेर डायसल्फिरामवाल्यांपैकी 86 टक्के दारूपासून लांब होते, नाल्ट्रेक्सोनवाले 44 टक्के. आकडा मोठा आहे, पण कोणाला काय दिलंय हे झाकलेलं नव्हतं, आणि पेशंट असे निवडलेले की घरात लक्ष ठेवणारं माणूस आहे. हीच तर गोम आहे. आपल्याकडे घर एकत्र, बायको किंवा आई सकाळी चहाबरोबर समोर गोळी देते, तोही घेतो कारण त्यानेच तसं ठरवलंय, अशा घरात डायसल्फिराम अजूनही उत्तम चालतं. मी देते अजूनही. ज्याला पूर्ण सोडायचीय, ज्याचं हृदय-लिव्हर ठीक आहे, आणि जो स्वतः म्हणतो "मॅडम, मला काहीतरी कडक द्या, माझा माझ्यावर भरवसा नाही", त्याला.

मग ती उघड द्यायची, आणि उघड देतानाही पथ्यं आहेत. शेवटच्या दारूनंतर निदान 12 तास, मी तर 2 दिवस जाऊ देते. 250 मिलिग्रॅम रोज. गोळी बंद केल्यावरही 2 आठवड्यांपर्यंत दारूशी भांडण होऊ शकतं, "काल नाही घेतली म्हणून आज पितो" चालत नाही. आणि दारू म्हणजे फक्त बाटलीतली नाही. खोकल्याची काही सिरप, होमिओपॅथीचे थेंब, दाढीनंतरचं लोशन, चायनीजमधलं व्हिनेगर, आणि जी आपल्याकडे सर्रास असतात ती आयुर्वेदिक आसवं-अरिष्टं, द्राक्षासव, दशमूलारिष्ट, ह्यांच्यात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच. एका आजींनी मुलाची दारू सुटली म्हणून कौतुकाने त्याला ताकदीसाठी द्राक्षासव सुरू केलं होतं, 2 चमचे रोज, आणि मुलगा रोज जेवणानंतर लाल होऊन बसायचा, कोणाला कळेना काय होतंय. अजून एक, पोटाच्या इन्फेक्शनला देतात ते मेट्रोनिडाझोल हिच्याबरोबर नको, डोकं भ्रमिष्ट होऊ शकतं, रक्त पातळ करणाऱ्या आणि फिट्सच्या काही गोळ्यांशीही जमत नाही. दर काही महिन्यांनी लिव्हरची तपासणी, आणि डोळे पिवळे, लघवी गडद दिसली की गोळी बंद करून त्याच दिवशी दाखवायचं.

ज्यांचं लिव्हर आधीच सिरॉसिसपर्यंत, म्हणजे कडक होऊन निकामी होत जाण्यापर्यंत, गेलंय त्यांच्यासाठी वाट अरुंद होते. तिथे बॅक्लोफेन कामाला येतं, मूळ स्नायू आखडण्यावरचं औषध, एका फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञाने, ओलिव्हिए आमेसेनने, स्वतःची दारू त्यावर सोडवली आणि त्यावरून तिकडे मोठी चर्चा झाली, फ्रान्सने 2018 साली ते दारूसाठी मंजूरही केलं. सिरॉसिसच्या पेशंटवर इटलीत 2007 साली झालेल्या अभ्यासात 10 मिलिग्रॅम तीन वेळा दिल्यावर कोरडे राहणाऱ्यांचं प्रमाण चांगलं वाढलेलं दिसलं. गुंगी येते, किडनी खराब असेल तर जपून, आणि अचानक बंद करायचं नाही. टोपिरामेट, गॅबापेंटिन ही मूळची फिट्सवरची औषधंसुद्धा वापरतो, टोपिरामेटने ओढ कमी होते पण माणूस बोलता बोलता शब्द विसरतो, एक शिक्षक माझ्यावर यावरून चांगलेच वैतागले होते, वर्गात "फळा" शब्द आठवेना म्हणे. हल्ली वजन कमी करायच्या इंजेक्शनबद्दलही विचारतात, सेमाग्लुटाइड. 2025 साली 48 जणांवर 9 आठवड्यांचा अभ्यास आलाय, ओढ कमी झालेली दिसली, पण तेवढ्यावर मी कोणाला लिहून देणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सगळं मनावरच आहे का. 2023 साली 118 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात नाल्ट्रेक्सोनची 50ची गोळी 11 जणांना दिली तर त्यातला एक, जो गोळीशिवाय परत भरमसाट प्यायला लागला असता, तो वाचतो. ॲकॅम्प्रोसेट 11 जणांना दिलं तर एक जण परत पहिल्या घोटापर्यंत जायचा वाचतो. ऐकायला कमी वाटतं ना? पण धडधाकट माणसाला हार्ट अटॅक टाळण्यासाठी कोलेस्टेरॉलची गोळी देतो तिचा हाच आकडा, म्हणजे एक जण वाचवायला किती जणांना गोळी द्यावी लागते तो, याच्यापेक्षा बराच मोठा असतो आणि तिथे कोणी म्हणत नाही की सगळं मनावर आहे, गोळी कशाला. दारूबाबत मात्र डॉक्टरसुद्धा दोन शब्द सुनावून घरी पाठवतात. देशभराचा सर्व्हे केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतला होता, 2019 साली आला, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकानेच कुठलातरी उपचार मिळाला असं सांगितलं. बाकीचे 37 काय घरी बसून मन घट्ट करत होते? मन लागतंच, गोळी गिळायलाही लागतं, पण माणूस स्टेशनवरून घरापर्यंतच्या 12 मिनिटांत 4 बार ओलांडतो, रोज, तिथे नुसत्या मनावर सगळा भार टाकणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

किती दिवस घ्यायच्या? निदान 6 महिने, मी शक्यतो वर्षभर नेते. मधे घसरले तर नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट बंद करायचं नाही, चालूच ठेवून दुसऱ्या दिवशी यायचं. लोक उलट करतात, प्यायले म्हणून लाजून गोळीही सोडतात आणि ओपीडीही. 31 डिसेंबरला घसरलेले मला फेब्रुवारीत दिसतात. सोबत समुपदेशन, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या गटाच्या मीटिंग्ज, मराठीतूनही होतात, काहींना त्या औषधापेक्षा जास्त लागू पडतात. काहींना अजिबात नाही. डिप्रेशन असेल तर त्याचाही उपचार लागतो, नाहीतर ही गोळी एकटी काय करणार.

जायचं कुठे, तर केईएम, सायन, नायर, जे.जे. कुठेही सायकियाट्री ओपीडीला केसपेपर काढा, भांडुपहून सायन तुम्हाला सोयीचं. फोनवरच आधी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, आणि टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन 14416, मराठीत बोलता येतं. लिव्हर, क्रिएटिनिन, शुगर, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी एवढं होईल पहिल्यांदा.

मिस्टरांशी बोलायचं ते सकाळी, प्यायलेले असताना नाही. "दारू सोडा" म्हणू नका, ते त्यांनी हजार वेळा ऐकलंय. लिव्हरचा जुना रिपोर्ट काढा आणि म्हणा की हा परत करून घेऊ, मी येते सोबत. हात थरथरतात हे मला दिसतं, त्यावर औषध असतं म्हणे. बहुतेक जण रिपोर्टसाठी येतात, दारूसाठी नाही, आणि मला ते पुरेसं असतं. नणंदेलाही सोबत घ्या वाटलं तर, आणि त्या गोळ्यांचं पाकीट आणाच, बघू नक्की काय आहे ते.

आणि एक, हे लिहायचं राहत होतं. ओपीडीला यायचं म्हणून आदल्या रात्रीपासून दारू तोडून, "डॉक्टरसमोर कशाला वास" असं करून आणू नका. आमच्याकडे येताना दादर स्टेशनच्या पुलावर फिट आलेला माणूस मी बघितलाय. नेहमीची जेवढी आहे तेवढी घेऊन आले तरी चालेल, वासाचं मी बघते. फक्त येताना त्यांना गाडी चालवू देऊ नका, ट्रेनने या, आणि शेवटची किती वाजता घेतली ते कागदावर लिहून आणा.